भरून आलेल्या भेगा

महाराष्ट्राचा पाया काळ्या कातळाचा आणि म्हणून अढळ, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की शाळेच्या भूगोलापासून पुढाऱ्यांच्या भाषणांपर्यंत ती बिनविरोध वावरते. १९६७ साली कोयनेने तिला धक्का दिला, १९९३ साली किल्लारीने. दोन्ही वेळी आपण अपवादाचे कारण शोधले आणि नियम होता तसाच ठेवला. कोयनेचा दोष धरणावर टाकला, किल्लारीचा नशिबावर. कोयनेत धरणाच्या पाण्याचा हात होता हे खरेच. पण पाणी फार तर चाळवते, चाळवले जाईल असे काहीतरी खडकात आधीपासून असावे लागते. तेव्हा तपासायला हवा तो नियमच, आणि त्यासाठी पुढच्या भूकंपाची वाट पाहण्याचे कारण नाही. नंदुरबार जिल्ह्यातला अक्कलकुवा तालुका पुरेसा आहे. उत्तरेला नर्मदा, दक्षिणेला तापीचे खोरे, मधे सातपुडा. या दोन नद्यांच्या मधला कातळ एकदा नाही, अनेकदा फाटलेला आहे, आणि त्याच्या फटींत काही ना काही येऊन बसले आहे. जे येऊन बसले त्याच्याकडून फाटण्याचा इतिहास काढून घेता येतो.

कसा, ते समजायला या काळ्या कातळापेक्षा, म्हणजे बेसॉल्टपेक्षा, वालुकाश्म सोपा.

वालुकाश्माच्या तांबूस शिळेवर कधीकधी बोटभर रुंदीची पांढरी पट्टी आरपार गेलेली दिसते. गारेची असते किंवा कॅल्साइटची. ती एके काळची उघडी भेग, आता भरलेली; तिला शीर म्हणतात. जमिनीत काही किलोमीटर खोलीवर वाळूचे कण एकमेकांवर इतके दाबले जातात की जिथे ते टेकतात तिथली त्यांची कड विरघळू लागते. विरघळलेली सिलिका कणांमधल्या पाण्यात उतरते. त्या पाण्याचाही दाब वाढत असतो. खडकावर सगळ्या बाजूंनी जोर असतोच, पण सगळीकडून सारखा नसतो; ज्या दिशेने तो सर्वांत कमी, त्या दिशेच्या जोरावर पाण्याच्या दाबाने मात केली की खडक फाटतो. पाणी फटीत घुसते, दाब एकदम उतरतो आणि सिलिका भिंतींवर स्फटिक होऊन बसते. इतक्या खोलीवर खडक कुणी दोन हातांनी ओढून फाडत नाही. तिथे सगळाच दाब असतो, आणि आपण ज्याला ताण म्हणतो तो म्हणजे त्यातल्या त्यात कमी दाब. म्हणून भेग नेहमी या सर्वांत कमी दाबाच्या दिशेला काटकोनात उघडते. शिरेची दिशा मोजली की त्या काळच्या जोराची दिशा हाती लागते. पुढचे सगळे या एका नियमावर उभे आहे. स्कॉटिश भूशास्त्रज्ञ अर्नेस्ट अँडरसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विभंग (ज्यावरून खडक सरकतो ती फट) आणि भित्ती (शिलारसाने भरलेली भेग) यांच्यासाठी तो गणितात बसवून दाखवला.

शीर भिंगाखाली धरली की अधिक काही दिसते. स्फटिक पुष्कळदा तंतूंसारखे लांबट वाढलेले असतात, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. तंतूची दोन टोके म्हणजे भेग पडण्याआधी एकमेकांना चिकटून असलेले दोन बिंदू. तंतू सरळ असेल तर भेग सरळ उघडली. तो वाकलेला असेल तर उघडता उघडता दिशा बदलली. तंतूंच्या आत मूळ खडकाच्या कणांच्या बारीक ओळी अडकलेल्या सापडतात, समांतर, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या घरातल्या अंतरावर. जॉन रॅम्से यांनी १९८० साली त्यांचा अर्थ लावला: भेग एकदाच उघडून भरत नाही. ती फाटते, भरते, पुन्हा त्याच जागी फाटते, पुन्हा भरते. बोटभर पट्टी म्हणजे अशी हजारो आवर्तने. शिरा तिरप्या ओळीने, एकीमागे एक सरकलेल्या असतील आणि त्यांची टोके इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली असतील, तर खडकाचे दोन भाग एकमेकांवरून घसरत होते असे समजायचे. मधला भाग आधीचा, म्हणून घसरणीबरोबर फिरलेला. टोके नंतरची, म्हणून अजून मूळ दिशेला धरून. एका शिरेने दुसरीला कापले असेल तर कापणारी धाकटी. स्फटिकात अडकलेल्या द्रवाच्या सूक्ष्म थेंबांवरून त्या वेळचे तापमानही काढता येते.

शीर काय सांगत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. दिशा ती नेमकी सांगते, क्रम सांगते, तापमान बऱ्यापैकी सांगते. जोर नेमका किती होता, हे मात्र ती थेट सांगत नाही. ते आडवाटेने काढावे लागते आणि त्यात गृहीतके घुसतात. शिवाय प्रत्येक भेग सगळ्या प्रदेशाच्या वतीने बोलत असेलच असे नाही. काही भेगा फक्त स्वतःच्या गल्लीपुरत्या बोलतात.

असे गल्लीपुरते बोलणारे, आणि तरीही थक्क करणारे, एक ठिकाण अक्कलकुव्यापासून फार लांब नाही. नर्मदेपलीकडे गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात अंबा डोंगर आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात भूशास्त्र शिकवणारे आर. एन. सुखेश्वाला आणि अणुखनिजांच्या शोधात गुंतलेले जी. आर. उदास यांनी १९६३ साली इथल्या कार्बोनेटाइटची नोंद प्रसिद्ध केली. कार्बोनेटाइट म्हणजे चुनखडीच्या जातीच्या रसायनाचा, पण वितळलेल्या स्थितीत वर आलेला अग्निज खडक. जगात तो तुरळकच सापडतो. तो वर येताना त्याने लाव्हाच्या आधी साचलेल्या बाघ थरांचा वालुकाश्म घुमटासारखा उचलला, घुमट गोल कड्याच्या आकारात फुटला, आणि त्या गोल फटीत कार्बोनेटाइट कड्यासारखाच बसला. हे झाले साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनच्या लाव्हाच्याच काळात. नंतर गरम पाण्याने उरलेल्या फटी फ्लोराइटने भरल्या. कुठे बिनरंगी, कुठे जांभळा, कार्बोनेटाइटमध्ये आणि वालुकाश्माशी त्याची जिथे गाठ पडते तिथे. थेंबांच्या अभ्यासावरून ते पाणी दीडशे अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही कोमट होते. कडीपाणीला गुजरात खनिज विकास महामंडळाने हाच फ्लोराइट खणला. खाणीच्या दृष्टीने हा मोठा साठा. भूकवचाच्या दृष्टीने मात्र अंबा डोंगर एवढेच सांगतो की इथे खालून एक ढुशी बसली. भेग गोल असेल तर कारण तिच्या पोटाखाली शोधायचे. लांबच लांब, सरळ आणि शेजारणीला समांतर अशी भेग असेल तर कारण साऱ्या प्रदेशात असते.

अशा सरळ भेगा पाहायच्या तर नर्मदा ओलांडून परत अलीकडे यायला हवे. इकडे वालुकाश्म वर दिसत नाही. लाव्हाच्या जाड थरांनी तो झाकला आहे. पण फाटण्याचा नियम दगडाची जात पाहत नाही. फटीत सिलिकाचे पाणी शिरले तर शीर होते, शिलारस शिरला तर भित्ती, म्हणजे भूशास्त्रज्ञांची डाईक. शिरेला बोटाने मापतात, भित्तीला पावलांनी.

नंदुरबार आणि धुळे जिल्हे या भित्तींनी आखलेले आहेत. १८६९ साली विल्यम ब्लॅनफर्ड यांनी तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांवरचा आपला ग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातर्फे प्रसिद्ध केला. त्या पाहणीचे मोल आजही कमी झालेले नाही. १९४९ साली जे. बी. ऑडेन यांनी पश्चिम भारतातल्या भित्तींचा एकत्र विचार केला. आणि २००७ साली मुंबईच्या आयआयटीतल्या रंजिनी रे, हेतू शेठ आणि ज्योतिरंजन मलिक यांनी नंदुरबार-धुळे पट्ट्याचा हिशेब मांडला: १४,५०० चौरस किलोमीटरमध्ये एक किलोमीटरहून लांब अशा २१० भित्ती. जाडी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत. सर्वांत लांब भित्ती ७९ किलोमीटरची, साक्रीकडून धुळ्यावरून पारोळ्याकडे जाणारी. जवळजवळ सगळ्या उभ्या, आणि त्यांची सरासरी दिशा उत्तरेपासून ८८ अंशांवर, म्हणजे बहुतेक नेमकी पूर्व-पश्चिम. अक्कलकुवा या पट्ट्याच्या वायव्य अंगाला येतो आणि त्याच्या पश्चिमेला डेडियापाडा-राजपिपळ्याच्या डोंगरांत भित्तींचे दुसरे दाट क्षेत्र सुरू होते.

भित्ती ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. भोवतालचा लाव्हा बहुधा पिचलेला असतो: मुरूम झालेला, पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे गोळे धरलेला, कुदळीला दाद देणारा. भित्तीचा दगड घट्ट, एकजिनसी, हातोडा मारला तर खणखणणारा. म्हणून बाजूचा खडक झिजून जातो आणि माळावर मागे राहते काळ्या धोंड्यांची एक सरळ धार, किलोमीटरच्या किलोमीटर. धारेच्या आत शिरून पाहिले तर दगड आडव्या खांबांचा असतो, पाच-सहा कोनी, रचलेल्या लाकडांच्या चळतीसारखा. लाव्हाच्या थरात हेच खांब उभे असतात, कारण तो थर वरून आणि खालून निवतो. भित्ती दोन बाजूंच्या भिंतींकडून निवते, म्हणून तिचे खांब आडवे. कडेला हात फिरवला तर दगड गुळगुळीत लागतो, भिंगातूनही कण दिसत नाहीत. मधोमध तोच दगड खरखरीत, फेल्डस्पारच्या बारीक काड्या डोळ्यांना दिसतील असा. कडेचा शिलारस थंड खडकाला टेकताच गोठला, मधल्याला स्फटिक वाढवायला सवड मिळाली. कुठे कुठे एकाच भित्तीच्या पोटात ही बारीक कणांची कड दोनदा-तीनदा येते. म्हणजे भरलेली भेग निवल्यावर पुन्हा मधोमध फाटली आणि पुन्हा भरली. रॅम्से यांनी गारेच्या शिरेत जे पाहिले तेच इथे लाखोपट मोठ्या मापात.

भित्तीची जाडी म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंचे कातळ एकमेकांपासून जितके सरकले तितके अंतर. उत्तर-दक्षिण चालत जाताना वाटेत वीस-वीस मीटरच्या दहा भित्ती लागल्या, तर त्या वाटेवर जमीन दोनशे मीटर रुंदावली असे म्हणायचे. रुंदावणे उत्तर-दक्षिण, कारण भित्ती पूर्व-पश्चिम. नंदुरबारची जमीन साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या बाजूला आणि गोदावरीच्या बाजूला, अशी दोन दिशांना फाकत होती.

मात्र मोजमापाच्या मोहात एक चूक सहज होते. सर्वांत लांब भित्ती म्हणजे सर्वांत मोठा ताण, असे वाटते, तसे नाही. आयआयटीच्या अभ्यासात भित्तीची लांबी आणि जाडी यांचा एकमेकींशी मेळ बसला नाही. लांब भित्तींमधला शिलारस खालून वर सरळ आला नसावा, तो जमिनीतल्या साठ्यातून आडवा धावला असावा, असे त्यांचे मत. ही कल्पना हवेतली नाही. २०१४ साली आइसलँडमध्ये बार्दारबुंगा ज्वालामुखीखालचा शिलारस जमिनीच्या पोटातून सुमारे ४५ किलोमीटर आडवा गेला, तोही दोन आठवड्यांत, आणि मग होलुह्रोनच्या माळावर बाहेर पडला. भूकंपमापकांनी त्याचा प्रवास दिवसागणिक टिपला. साक्री-पारोळ्याची भित्तीही अशीच धावली असेल तर तिची लांबी आपल्याला शिलारसाच्या दमाबद्दल सांगते, जमिनीच्या ताणाबद्दल नाही. ताणाबद्दल बोलते ती फक्त दिशा.

आणि दिशेवरच खरा आक्षेप येतो. तो वजनदार आहे, म्हणून नीट मांडतो. सातपुड्याची रांग पूर्व-पश्चिम. नर्मदा, तापी पूर्व-पश्चिम. मध्य भारताच्या अतिप्राचीन खडकांची घडणही, शंभर कोटी वर्षांहून जुनी, साधारण त्याच अंगाने गेलेली. मग भित्ती पूर्व-पश्चिम आल्या यात नवल ते काय? शिलारसाला फुकटच्या जुन्या भेगा मिळाल्या, त्याने त्या वापरल्या. तसे असेल तर भित्तींची दिशा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ताणाची नव्हे, त्याआधी केव्हा तरी पडलेल्या भेगांची. आणि आपण नातवाच्या तोंडून आजोबाची हकीकत ऐकून ती नातवाचीच समजतो आहोत.

रे-शेठ-मलिक यांचे उत्तर सरळ आहे: त्यांनी पाहिलेल्या भित्ती आधीच्या विभंगांना किंवा भेगांना धरून बसलेल्या नाहीत. त्यांनी ताजा लाव्हाच चिरला. हे उत्तर मला पटते, पण अर्धेच. वरच्या लाव्हाला जुनी भेग असण्याचे कारण नव्हते, तो नुकताच ओतला गेला होता. पण लाव्हाखालचे कवच ताजे नव्हते. तिथे तो ताण कुठल्या अंगाने वाटला जाईल हे त्या जुन्या घडणीने आधीच ठरवून ठेवलेले असणार. त्याचा पुरावा लाव्हापूर्वीचा आहे. बाघ थरांत शार्कचे दात, शिंपले, अमोनाइट सापडतात. आजच्या धार जिल्ह्यात, किनाऱ्यापासून इतक्या आत. नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी समुद्र नर्मदेच्या वाटेने आत शिरला होता, म्हणजे ती वाट त्याआधीच खचलेली होती. बाघची लेणी ज्या वालुकाश्मात कोरली तो याच मालिकेतला. वर लाव्हा आला तेव्हा खालची जमीन या रेषेवर एकदा फाकून झालेली होती. भित्तींनी नवी भेग पाडली, जुन्याच तंट्यात.

हे म्हणणे तपासण्याची सोय महाराष्ट्रातच आहे. नाशिक ते पुणे या पट्ट्यात संगमनेरच्या आसपास पुष्कळ भित्ती आहेत, आणि त्यांना ठराविक दिशा नाही. कोकणात किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण भित्ती आहेत. लोइक व्हॅन्डरक्लुयसेन, जॉन महोनी, पीटर हूपर, हेतू शेठ आणि रंजिनी रे यांनी २०११ साली भित्तींचे रसायन सह्याद्रीच्या लाव्हाथरांशी ताडून पाहिले, तेव्हा नर्मदा-तापीच्या भित्ती खालच्या आणि मधल्या थरांशी जुळल्या, तर सह्याद्रीच्या वरच्या थरांचा शिलारस नाशिक-पुणे पट्ट्यातल्या दिशाहीन भित्तींतून आला असावा असे दिसले. म्हणजे लाव्हाच्या सर्वांत जोरदार काळात नाशिक-पुण्याखालची जमीन कुठल्याच एका बाजूला ओढली जात नव्हती. हूपर यांनी तर १९९० सालीच म्हटले होते की दख्खनमध्ये लाव्हा आधी आला आणि भूकवचाचे मोठे फाकणे नंतर झाले. ‘जमीन फाटली म्हणून लाव्हा आला’ हे शाळेत शिकवलेले सोपे सूत्र इथे उलटे पडते. पट्ट्या-पट्ट्याला भित्तींची दिशा बदलते. एकाच ओतीव देशात एका कोपऱ्यात ताण आहे, दुसऱ्यात नाही. दख्खनला एक अखंड शिळा समजणाऱ्यांनी फक्त भित्तींचा नकाशा पुढ्यात घ्यावा.

आता इथपर्यंतचे सगळे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे झाले. ते तिथेच संपले असते तर हा विषय शास्त्रज्ञांच्या मासिकांपुरता ठेवला असता तरी चालले असते.

१४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात ६.३ क्षमतेचा भूकंप झाला. १९७० साली भडोचला झाला. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला झाला, जमिनीखाली पस्तीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे कवचाच्या तळाशी. जबलपूरच्या भूकंपात खडक फाकले नाहीत, एकावर एक चढले. दाब उत्तर-दक्षिण. भारत उत्तरेकडे सरकून आशियावर रेलतो आहे. ती रेल हिमालयात जशी जाणवते तशी मागे सातपुड्यापर्यंत पोचते. ज्या दिशेने साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ही जमीन ताणली गेली, त्याच दिशेने आज ती दाबली जाते आहे. रेघ तीच, जोर उलटा.

२०१४ साली अलेक्स कोपले आणि सहकाऱ्यांनी तापी विभंगावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सातपुड्याच्या पायथ्याशी ओढ्यांनी पसरलेले गाळाचे पंखे विभंगाच्या रेषेवर वर उचललेले दिसतात. त्या उचलीवरून या अभ्यासकांचा अंदाज असा की गेल्या साधारण बारा हजार वर्षांत इथे ७.६ ते ८.४ क्षमतेचा निदान एक भूकंप झाला असला पाहिजे. विभंगाच्या वरच्या, उचलल्या जाणाऱ्या बाजूला जुन्या गाळाचे खोरे आहे. खोरे म्हणजे एके काळी खचलेली जागा. तीच आता वर चढते आहे, म्हणजे विभंग आधी फाकण्यासाठी वापरला गेला आणि मग दाबण्यासाठी. तापी पश्चिमेला का वाहते, याचे कारणही ते या विभंगाच्या खचणाऱ्या बाजूला देतात. अरबी समुद्राला मिळणाऱ्या इतक्या मोठ्या नदीची वाट एका विभंगाने वळवली असेल, तर त्या विभंगाला निवृत्त समजणे धाडसाचे आहे.

हा एका गटाचा निष्कर्ष आहे; त्यावर खंदक खणून, थरांचे वय काढून आणखी पुरावा गोळा व्हायला हवा. पण भित्तींनी जे आधीच सांगितले होते त्याच्याशी तो जुळतो. जिथे कवच एकदा चिरले गेले तिथेच ते पुढचा जोर घेते. शिरेच्या तंतूंमध्ये पुन्हा पुन्हा फाटण्याच्या ज्या ओळी दिसतात, त्यांच्यातही हाच न्याय आहे. भरून आलेली भेग भरून आली म्हणून मजबूत होत नाही. कित्येकदा भरलेला भाग खडकापेक्षा कठीण असतो, नंदुरबारच्या भित्ती तशाच आहेत. पण कडेचा सांधा उरतोच, आणि सांधा हीच कमकुवत जागा.

अक्कलकुव्यात या प्रश्नाला राजकारणाची एक कड आहे, ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. तालुक्याच्या उत्तर सीमेवरची नर्मदा आता सरदार सरोवराचा जलाशय आहे. महाराष्ट्रातली ३३ गावे त्यात गेली, अक्कलकुवा आणि धडगाव या दोन तालुक्यांतली. त्यांत पहिला नंबर मणिबेलीचा. धरणाच्या वादात नर्मदेचा विभंग दोन्ही बाजूंनी वापरला गेला. विरोधक म्हणत, रेघ नकाशावर आहे, म्हणजे भूकंप होणारच. समर्थक म्हणत, पाया बेसॉल्टचा आहे, म्हणजे काळजी नाही. दोन्ही बाजूंनी भेगेला एकच वाक्य बोलायला लावले. प्रत्यक्ष पाया खोदला तेव्हा बेसॉल्टखाली बाघ थरांचे वालुकाश्म निघाले, पात्रात विभंग निघाला, चिकणमातीचा पोचट वालुकाश्म आणि लाव्हाच्या थरांमधली तांबडी माती निघाली. अभियंत्यांनी कमकुवत थर खोदून काढून तिथे काँक्रीटच्या ‘शिअर की’, म्हणजे घसरण रोखणाऱ्या पाचरी, भरल्या. बारा किलोमीटरवर ६.५ क्षमतेचा भूकंप होईल असे धरून आराखडा केला. म्हणजे ज्यांनी दगड जवळून पाहिला त्यांनी तो अखंड मानला नाही, आणि अनर्थकारीही मानला नाही. माझी तक्रार या कामाबद्दल नाही. तक्रार अशी की पाया खोदताना सापडलेले हे सगळे कुणा विद्यार्थ्याच्या, गावकऱ्याच्या वाचनात येईल अशा मराठीत माझ्या पाहण्यात नाही. ज्यांची गावे गेली त्यांना आपल्या गावाखालच्या दगडाबद्दल निदान घोषणांपेक्षा अधिक काही समजायला हवे होते.

गावकऱ्यांना दगड कळत नाही असा याचा अर्थ नव्हे. विहीर कुठे लागेल हे भित्तीच्या अंदाजाने ठरवणारे शेतकरी साक्री-धुळ्याकडे भेटतात. उतारावरून येणारे भूजल भित्तीला अडते, वरच्या अंगाला विहिरीत पाणी टिकते, खालच्या अंगाला कोरड पडते. भित्ती स्वतः भेगाळलेली असेल तर तीच पाणी साठवते. पुण्याच्या रेमंड दुराईस्वामींनी २००५ साली साक्री तालुक्यातल्या भित्तींचा याच अंगाने अभ्यास केला. एकाच दगडाच्या दोन तऱ्हा, आणि दोन्हींचा उगम कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उत्तर-दक्षिण ताणात. उन्हाळ्यात टँकर कुठल्या गावाला लागणार, याच्या हिशेबात हा ताण आजही आहे.

आणि हाच दगड खडीसाठी सर्वांत चांगला. घट्ट, न पिचलेला, खांबाखांबाने सुटणारा, माळावर आपसूक उघडा पडलेला. क्रशरवाल्याला दुसरे काय हवे? पिचलेल्या लाव्हात खाण काढण्यापेक्षा भित्तीची धार कापत जाणे सोपे. रस्ते व्हायला हवेत, मोलगी-धडगावच्या वाड्यांना तर आधी व्हायला हवेत; तेव्हा भित्ती अजिबात फोडू नका असे म्हणणे मला शक्य नाही. पण खाण सगळे खाते, आणि आधी खाते ते कडेचा सांधा, कारण तिथूनच दगड सुटतो. गोठलेली कड, दोनदा फाटल्याची खूण, बाजूच्या लाव्हावर बसलेला चटका, हे सगळे त्या सांध्याच्या हातभर पट्टीत असते. मधला जाड दगड कितीही उरला तरी त्यावरून फारसे वाचता येत नाही.

नवा कायदा याला लागत नाही. गौण खनिजाचा परवाना देताना जिल्हा खनिकर्म कार्यालयाने एक अट घालावी: प्रत्येक भित्तीची एक बाजू, सांध्यासकट, दहा-वीस मीटर लांबीत तशीच सोडायची आणि तिचे अक्षांश-रेखांश परवान्यात लिहायचे. धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांत भूगोल शिकवला जातो. त्या सोडलेल्या कडांची दिशा मोजण्याचे काम तिथल्या मुलांना सहज जमेल, होकायंत्र आणि टेप एवढीच सामग्री. ७९ किलोमीटरच्या भित्तीपासून सुरुवात करणे बरे. साक्री, धुळे, पारोळा ही तिन्ही गावे सुरत-नागपूर महामार्गावर आहेत, आणि खडीला सर्वांत जवळचे गिऱ्हाईक तोच रस्ता आहे.